बटरमिअरची प्रदक्षिणा

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये आलेल्या पाहुण्यांना डोंगर चढायची घाई असते. मी त्यांना आधी बटरमिअरच्या काठाने नेते. सरोवराभोवतीची ही वाट जेमतेम ७ किलोमीटरची, चढ जवळपास नाहीच. रमतगमत अडीच तासांत पुरी होते.

हवेचा मात्र भरवसा नाही. आयरिश समुद्रावरून आलेले ओले वारे या डोंगरांना धडकून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस कोसळतो. वाईत वाढलेल्या मला हे ओळखीचं वाटलं. महाबळेश्वरचा पाऊस असाच पडतो. फक्त इथे तो बाराही महिने येतो. जूनमध्येसुद्धा पाठपिशवीत रेनकोट आणि लोकरी टोपी हवीच. बर्टनेस वुडच्या झाडीत शिरताना ऊन असतं, बाहेर पडेपर्यंत समोरचा हेस्टॅक्स ढगात गडप! त्याच डोंगरावरच्या एका तळ्याकाठी १९९१ साली आल्फ्रेड वेनराइट यांची रक्षा विखुरली. या डोंगरांच्या हाताने लिहिलेल्या, चितारलेल्या मार्गदर्शिका त्यांच्याच.

गेट्सगार्थच्या शेतापाशी हर्डविक मेंढ्या भर पावसात निवांत चरतात. कोकरं काळी जन्मतात, वयाबरोबर राखाडी होतात. पुढे थोडं डांबरी रस्त्याने जावं लागतं, तिथे गाड्यांना जपा. मग हॅसनेसजवळ खडकात खोदलेला छोटा बोगदा लागतो. आत अंधार, ओल, पायाखाली डबकी. मुलं इथून हलायला तयार नसतात.

गावाजवळचं सपाट कुरण जरूर पाहा. बटरमिअर आणि पलीकडचं क्रमक वॉटर हे हिमयुगानंतर एकच सरोवर होतं. ओढ्यांनी आणलेल्या गाळाने मध्ये ही जमीन तयार झाली आणि त्याची दोन झाली.