शिकाऊ ठेवला की पगार सरकारचा?

उज्जैनच्या फ्रीगंजात टॉवर चौकाभोवती कापडाची शोरूम, मोबाइल दुरुस्तीची दुकाने, दवाखाने आणि सीए मंडळींच्या कचेऱ्या दाटीवाटीने उभ्या आहेत. अशा बाजारात सरकारी योजनेची बातमी आली की ती दोन शब्दांची होऊन फिरते: ‘पगार सरकारचा’. तो कोणाचा, किती आणि कशासाठी, हे शब्द वाटेत गळतात.

मध्य प्रदेश मंत्रिमंडळाने मे 2023 मध्ये ‘मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना’ मंजूर केली. 18 ते 29 वयाच्या, राज्याचे रहिवासी असलेल्या तरुणांनी एखाद्या आस्थापनेत साधारण वर्षभर प्रत्यक्ष काम करत शिकायचे. बारावी झालेल्याला महिना 8,000, आयटीआयवाल्याला 8,500, पदविकाधारकाला 9,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. यातले 75 टक्के राज्य सरकारचे, 25 टक्के मालकाचे. म्हणजे पदवीधर मुलगी हिशेब शिकायला पेढीवर आली, तर 2,500 रुपये पेढीने द्यायचे. हा फुकटचा नोकर नव्हे. शिवाय तिला शिकवायला जो जुना हिशेबनीस बसेल त्याचा वेळ कोणी भरून देत नाही, आणि माझ्या मते खरा खर्च तोच आहे.

‘अनुदान दुकानाच्या खात्यात येते’ हा समज मात्र पूर्वी अगदीच चुकीचा नव्हता. केंद्राची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झाली, तेव्हा मालकाने आधी पूर्ण विद्यावेतन द्यायचे आणि मग केंद्राचा वाटा परत मागायचा, अशी रीत होती. कागदपत्रांची ही ये-जा छोट्या दुकानदाराला नकोशी वाटली तर नवल नाही. 2023 पासून केंद्राचा वाटा थेट शिकाऊच्या बँक खात्यात जाऊ लागला. सीखो-कमाओतही राज्याचा वाटा तसाच ठेवला गेला.

केंद्राच्या वाट्याबद्दलही घोटाळा होतो. तो विद्यावेतनाच्या 25 टक्के, पण महिना 1,500 रुपयांहून जास्त नाही. 2019 च्या नियमांनी पदवीधराला किमान 9,000 रुपये ठरवले. त्याचे 25 टक्के 2,250 होतात, तरी केंद्राकडून 1,500 च येतात. 6,000 रुपयांपुढे शिक्षण जितके जास्त, तितका मालकाचा हिस्सा वाढत जातो. दुकानदार बारावीच्या मुलाकडे का वळतो, याचे निम्मे उत्तर या मर्यादेत आहे.

‘हे सगळे मोठ्या कारखान्यांसाठी’ असेही म्हणतात. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालच्या नियमांनुसार 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. 4 ते 29 माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे. फ्रीगंजातले सात-आठ माणसांचे दुकान त्यामुळे या दारातून आत येऊ शकते. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचे मात्र तसे नाही. ती देशातल्या आघाडीच्या 500 कंपन्यांपुरती आखलेली होती. नावे सारखी वाटतात म्हणून लोक दोन्ही एकत्र करतात.

सगळ्यात मोठा गैरसमज वेगळाच आहे: आपल्याकडे दहा वर्षे असलेल्या कारागिराला नवे तंत्र शिकवायलाही हाच पैसा मिळेल. मिळत नाही. शिकाऊ आणि कामगार या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पगारावरच्या माणसाला शिकाऊ दाखवणे म्हणजे सरळ खोटी नोंद. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत अनुभवातून आलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, पण तिथे आधीपासून येत असलेल्या कामाची दखल घेतली जाते, नवे शिक्षण थोडकेच. सिंगापूरने 1979 मध्येच मालकांकडून पगारावर छोटी वसुली करून कामावरच्या माणसांच्या प्रशिक्षणासाठी निधी उभारला. आपला सगळा ओघ दारात उभ्या असलेल्या नवख्याकडे आहे. गल्ल्यामागे बसलेला जुना माणूस त्यात नाही, आणि ही उणीव मला खटकते.

राहिली नोकरीची गोष्ट. शिकणे संपल्यावर मुलाला कायम करायलाच हवे, या भीतीने काही मालक करारच टाळतात. करारात तशी अट नसेल तर कायदा सक्ती करत नाही. काही जण उलट टोक गाठतात: तो कामगार नाही, मग आपली जबाबदारीच नाही. भविष्य निर्वाह निधी या शिकाऊला लागू नाही, हे खरे. पण शिकताना यंत्रात बोट गेले, तर नुकसानभरपाई मालकालाच द्यावी लागते. कायद्याच्या सोळाव्या कलमात तसे स्पष्ट लिहिले आहे.