वेव्हर्ली हिल्सची भुते आणि तिथले खरे रुग्ण

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिल शहराच्या कडेला एका टेकडीवर विटांची पाच मजली इमारत उभी आहे. तिचे नाव वेव्हर्ली हिल्स सॅनिटोरियम. भुतांचा शोध घेणाऱ्या टीव्ही कार्यक्रमांनी तिला झपाटलेले रुग्णालय म्हणून जगभर पोचवले. तिथे ६३ हजार माणसे क्षयाने मेली, त्यांची प्रेते भुयाराच्या चोरवाटेने बाहेर काढली जात, ५०२ नंबरच्या खोलीत एका नर्सने गळफास घेतला आणि ती अजून तिथेच वावरते, असे सांगितले जाते. यात थोडे खरे आहे आणि पुष्कळसे रचलेले.

आधी आकडा तपासू. हे रुग्णालय १९१० साली सुरू झाले, तेही एका छोट्या लाकडी इमारतीत. चारशेहून अधिक खाटांची आजची इमारत १९२६ साली आली आणि १९६१ साली रुग्णालय बंद झाले. म्हणजे एकूण ५१ वर्षे. एवढ्या काळात ६३ हजार मृत्यू व्हायचे, तर दरवर्षी बाराशेहून जास्त, रोज तीनहून अधिक माणसे दगावायला हवीत. तिथले साहाय्यक वैद्यकीय संचालक डॉ. जे. फ्रँक स्टुअर्ट यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की एका वर्षातले सर्वाधिक मृत्यू १५२ होते. प्रत्येक वर्ष त्या सर्वांत वाईट वर्षासारखेच गेले असे धरले, तरी बेरीज पावणेआठ हजारांच्या आसपास थांबते. ही संख्या लहान नाही. एका जिल्ह्याच्या रुग्णालयात हजारो घरांतली माणसे गेली, हे पुरेसे भयंकर आहे. ते आठपट फुगवून सांगणे हा त्या मृतांवर अन्याय आहे.

भुयार मात्र खरे आहे. सुमारे पाचशे फूट लांबीचे हे भुयार टेकडीच्या पायथ्यापर्यंत उतरते. ते मुळात सामानाची आणि कामगारांची ने-आण करण्यासाठी बांधलेले होते. पुढे मृतदेहही त्यातूनच खाली नेले जाऊ लागले. हे लपवाछपवीसाठी नव्हते. शेजारच्या खाटेवरचा माणूस गाडीतून जाताना रोज दिसला, तर उरलेल्यांनी धीर कुठून आणायचा, असा डॉक्टरांचा साधा विचार होता. ज्या व्यवस्थेत रुग्णाच्या मनाची काळजी होती, तीच आज सर्वांत अभद्र म्हणून दाखवली जाते.

५०२ नंबरच्या खोलीतल्या नर्सची गोष्ट १९२८ सालची म्हणून सांगतात. तिला दुजोरा देणारी नोंद आजवर पुढे आलेली नाही.

‘तिथे रुग्णांवर अघोरी प्रयोग होत’ हा आणखी एक समज. औषधच नव्हते, त्या काळात क्षयावरचा उपचार म्हणजे मोकळी हवा, ऊन, सकस अन्न आणि विश्रांती. रुग्णांना हिवाळ्यातही पांघरुणे लपेटून उघड्या सज्जात निजवत. फुप्फुसाला विसावा मिळावा म्हणून छातीत हवा भरून ते दाबून ठेवत. कधी बरगड्याही काढत. आज अंगावर काटा येतो, पण जगभरच्या सॅनिटोरियममध्ये हेच चालत असे. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे सॅनिटोरियमही याच विचारातून उभे राहिले.

वेव्हर्ली हिल्सचे सॅनिटोरियम बंद पडले, त्याला कुठलाही शाप कारण नव्हता. १९४३ साली अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले, पाठोपाठ इतर औषधे आली आणि खाटा रिकाम्या होऊ लागल्या. या बदलात भारताचा वाटा मोठा आहे. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र सुरू झाले. दाटीवाटीच्या गरीब घरांत राहून औषध घेणारे रुग्ण सॅनिटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात, हे तिथल्या डॉक्टरांनी १९५९ साली दाखवून दिले. जगाने मग घरी राहूनच उपचार घेण्याचा मार्ग धरला. भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी या विजयाची कथाही सांगायला हवी.

मग लोकांना तिथे जे जाणवते, ते सगळे खोटे? तसे नाही. भास होतो तेव्हा तो त्या माणसापुरता खराच असतो. चुकतो तो त्याचा लावलेला अर्थ. १९९७ साली अमेरिकेतल्या एका जुन्या नाट्यगृहात संशोधकांनी काही लोकांना फिरवून आणले. ‘ही जागा झपाटलेली आहे’ असे ज्यांना आधी सांगितले होते, त्यांना विचित्र अनुभव अधिक आले. ‘इथे दुरुस्ती चालू आहे’ असे ऐकून गेलेल्यांना कमी. वेव्हर्ली हिल्सला जाणारा पाहुणा तर तिकीट काढून, सगळ्या कथा ऐकून, रात्रीच्या अंधारात आत शिरतो.

चालत्या रुग्णालयांतही अशा गोष्टी पिकतात, त्याला आणखी कारणे आहेत. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला, विशेषतः म्हाताऱ्या माणसाला, ताप, जंतुसंसर्ग, औषधे आणि मोडलेली झोप यांमुळे भ्रम होतो. खोलीत कुणी उभे आहे असे तो शपथेवर सांगतो. रात्रपाळीत डुलकी लागलेल्या कर्मचाऱ्याला जाग येते, पण शरीर हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते. हा निद्रा-पक्षाघात, आणि तो निरोगी माणसालाही होतो. घरचा रुग्ण असे काही बोलू लागला, तर मांत्रिकाकडे धावू नये. ताबडतोब डॉक्टरांना सांगावे, कारण हा भ्रम आजार बळावल्याची खूण असू शकते.

क्षय अजून गेलेला नाही. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती तपासणी आणि पुढचे औषध, दोन्ही मोफत मिळते.