सिरियल पोर्टची नाडीपरीक्षा

युनिक्स मशीनवरचा मोडेम मुका झाला, तर जाणकार माणूस आधी केबल आणि मोडेमवरचे दिवे बघतो. आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरलं. त्यात माहितीची ने-आण करणाऱ्या तारा मुख्यतः दोनच. बाकीच्यांपैकी बहुतेक एकमेकांची खबर देण्यासाठी. कॉम्प्युटर तयार आहे हे डीटीआर सांगते, पलीकडच्या मोडेमशी जोडणी झाली हे डीसीडी, आणि ‘आता पाठव’ हे सीटीएस. बाहेर ठेवायच्या मोडेमवर अशा महत्त्वाच्या तारांचे दिवे असतात, त्यामुळे बरंचसं निदान डोळ्यांनीच होतं.

या तारांनी मोठी कामं केली आहेत. १९८०च्या दशकात मुंबईत एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि आयआयटी यांच्यातली ईमेल डायल-अपवरच सुरू झाली. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स विद्यापीठाच्या मशीनशी मोडेमवरून बोलणारा टर्मिनल प्रोग्राम लिहीत होता. एक काम कीबोर्डवरची अक्षरं मोडेमकडे नेणार, दुसरं मोडेमची अक्षरं पडद्यावर आणणार. ती दोन कामं आलटूनपालटून चालवता चालवता लिनक्स उभं राहिलं.

सगळ्यांत शिकवून जाणारा बिघाड मात्र बाहेरून आलेले फोन घेणाऱ्या मशीनवर व्हायचा. तिथे गेटी नावाचा प्रोग्राम पोर्टवर बसून ‘लॉगिन’ विचारतो. मोडेमचा इको चालू राहिला असेल, तर तो तोच शब्द गेटीला परत पाठवतो. गेटीला वाटतं, कुणीतरी आपलं नाव टाइप केलं! मग ‘पासवर्ड’ विचारला जातो, मोडेम तोही परत करतो. लाइनवर माणूस नाही, तरी दोघांचा संवाद अखंड चालू. लॉगमध्ये फसलेल्या लॉगिनच्या ओळींवर ओळी. उपाय एका ओळीचा: ‘एटीई०क्यू१’, म्हणजे इको बंद आणि मोडेमची उत्तरंही बंद. हेज कंपनीने १९८१च्या स्मार्टमोडेममध्ये आणलेली ही एटी भाषा पुढे बहुतेक सगळ्याच मोडेमनी उचलली.

डीसीडीची चूक याहून घातक. मोडेमने ती तार कायम चालू ठेवली, तर लाइन मध्येच तुटल्याचं कर्नलला कळतच नाही. आधीच्या माणसाचं शेल उघडं राहतं आणि पुढचा फोन करणारा थेट त्याच्या खात्यात शिरतो. म्हणून ‘&सी१&डी२’ हवंच: डीसीडीने खरी स्थिती दाखवायची आणि डीटीआर पडली की मोडेमने फोन ठेवायचा.

अक्षरं गळत असतील, तर ‘सेटसिरियल’ या आज्ञेला पोर्ट चालवणारी यूएआरटी चिप कोणती ते विचारावं. ३८,४०० बीपीएसला सेकंदाला ३,८४० अक्षरं येतात. म्हणजे दर २६० मायक्रोसेकंदांना एक. जुन्या ८२५० चिपमध्ये जागा एकाच अक्षराची. कर्नल जरा दुसऱ्या कामात अडकला की पुढचं अक्षर आधीच्याला पुसून टाकतं. १६५५०ए चिपमध्ये १६ अक्षरांची रांग आली आणि हा त्रास बराच मिटला. कॉम-१ आणि कॉम-३ ही इंटरप्ट ४ वरची जोडगोळी मात्र अनेकांना छळून गेली: एकावर माउस, दुसऱ्यावर मोडेम, आणि माउस हलवला की मोडेम गप्प.

एक पोर्ट दोन प्रोग्रामनी धरू नये म्हणून लॉक फाइलची प्रथा पडली. पोर्ट धरणाऱ्याने आपला प्रोसेस क्रमांक त्या फाइलमध्ये लिहायचा. प्रोग्राम मेला आणि फाइल मागे राहिली, की मोकळा पोर्टही ‘बिझी’ दिसतो. फाइलमधला क्रमांक चालू प्रोसेसचा नसेल, तरच ती पुसावी.

डायल-अप मागे पडलं, तरी पोर्टची ही ओढाताण संपलेली नाही. उबुंटू २२.०४वर सीएच३४० चिपची स्वस्त यूएसबी केबल लावली, की ‘टीटीवाययूएसबी०’ क्षणभर उगवतो आणि नाहीसा होतो. केबल दोषी नसते. ‘डीमेसग’ चालवलं की ब्रलटीटीवायचं नाव दिसतं. अंधांसाठीच्या ब्रेल पडद्यांचा हा प्रोग्राम. एका ब्रेल उपकरणातही तीच चिप, तोच यूएसबी क्रमांक असल्याने तो केबल आपलीच समजून ताब्यात घेतो. ‘ब्रलटीटीवाय काढून टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पण ज्या मशीनवर अंध व्यक्ती काम करते, तिथे तो प्रोग्राम काढला तर तिचं वाचनच बंद होईल. तिथे उपकरणं ओळखणाऱ्या यूडेव्हच्या नियमांतली त्या क्रमांकाची तेवढी ओळ निष्क्रिय करावी.