दिल्लीचे तारे धुराने नव्हे, उजेडाने खाल्ले

ऑक्टोबर सरत आला, दिल्लीची हवा बिघडू लागली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "इथं तारे कसले दिसणार? धूर केवढा आहे!" पुण्या-नाशकाहून आलेले पाहुणे हे म्हणतात, वर्षानुवर्षं नोएडात राहिलेले शेजारीही म्हणतात. म्हणणारा पुष्कळदा इमारतीवर खालून वर मारलेल्या फ्लडलाइटच्या झोतातच उभा असतो. तरीही त्या दिव्याकडे बोट दाखवावं असं कुणालाच वाटत नाही.

गैरसमज : दिल्लीत तारे दिसत नाहीत ते धुरामुळे.

हा गैरसमज चिकट आहे, कारण तो थोडासा खरा आहे. म्हणून आधी धुराचा वाटा किती, तो हिशेब करू. ताऱ्यांची तेजस्विता 'प्रती'त मोजतात. आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. खऱ्या काळोखात साध्या डोळ्यांना सहाव्या, फार तर साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. हवेतले बारीक कण ऐन हिवाळ्यातल्या वाईट रात्री डोक्यावरच्या ताऱ्याचा साठ टक्के प्रकाश अडवतात असं धरा. इतका प्रकाश गेला तर तारा साधारण एका प्रतीने मंद होतो. म्हणजे नुसता धूर असता आणि दिवे नसते, तर पाचव्या प्रतीपर्यंतचे शेकडो तारे दिसायला हवे होते. क्षितिजाजवळचे गेले असते, माथ्यावरचे नाही.

प्रत्यक्षात कॅनॉट प्लेससारख्या भागातून नजर तिसऱ्या प्रतीच्या आसपास अडकते. तिसऱ्या प्रतीपर्यंतचे तारे अख्ख्या खगोलात पावणेदोनशेच्या घरात आहेत आणि त्यांतले निम्मेच एका वेळी क्षितिजाच्या वर असतात. मधल्या दोन प्रती कुणी गिळल्या? आपल्या दिव्यांनी. वर गेलेला प्रकाश हवेतल्या रेणूंवर आणि कणांवर आदळून खाली परततो, सगळं आकाश उजळतं आणि मंद तारे त्या उजेडात बुडतात.

धूर निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. तो हा परतणारा उजेड वाढवतो. बर्लिनमधली मोजमापं 2011 साली प्रसिद्ध झाली. शहरात ढगाळ रात्रीचं आकाश निरभ्र रात्रीच्या तुलनेत दहापट उजळ आढळलं. तो उजेड ढगांनी तयार केला नव्हता. शहराने वर पाठवलेलाच त्यांनी परत खाली पाठवला होता. दिल्लीचं धुरकंही तेच काम करतं. पण परत पाठवायला आधी खालून उजेड यावा लागतो.

तरीही पटत नसेल, तर दोन घटना शेजारी ठेवून पाहा. मार्च 2020 च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि दिल्लीची हवा कित्येक वर्षांत नव्हती इतकी निवळली. काही तारे जास्त दिसले, हे खरं. पण रस्त्यांवरचे दिवे चालूच होते आणि शहराच्या मध्यातून आकाशगंगा काही दिसली नाही. उलट, 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडातल्या ओंटारिओत वीज गेली, आणि टोरंटोच्या परिसरातल्या लोकांना त्याच रात्री आकाशगंगा दिसली. काही तासांत हवा एवढी बदलत नाही. बदलला होता तो उजेड.

धूळही दिल्लीला नवी नाही. सवाई जयसिंगांनी 1724 साली इथं जंतर मंतर उभारलं, तेव्हाही मे-जूनमध्ये आंधी येतच असणार. तरीही दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी वेध घेण्यासाठी त्यांनी हे शहर निवडलं.

पडताळा घरच्या घरी घेता येतो. एप्रिल-मेच्या संध्याकाळी उत्तरेला सप्तर्षी उंच असतात. चौकोन आणि शेपटी जिथं जुळतात, तिथला अत्री 3.3 प्रतीचा, म्हणजे सातांत सर्वांत मंद. शेपटीतला मधला वसिष्ठ दुसऱ्या प्रतीचा आणि त्याला बिलगलेली अरुंधती चौथ्या प्रतीची. लग्नात वधूवरांना अरुंधती दाखवायची आपली रीत. मध्य दिल्लीत आज गुरुजी बोट दाखवतात आणि जोडपं अंदाजाने मान डोलावतं. पाऊस पडून हवा धुतली गेली, त्या रात्री मुद्दाम पाहा. मोबाइल खिशात ठेवून डोळ्यांना वीस-तीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. तेवढ्यावरही अरुंधती दिसली नाही, तर दोष धुराला देऊ नका.

आता बाकीचे गैरसमज.

मोठी दुर्बीण घेतली की प्रश्न मिटला. नाही. दुर्बीण दीर्घिकेबरोबर उजळलेलं आकाशही तितकंच गोळा करते. हजारो रुपये घालवल्यावर देवयानी दीर्घिकेचा नुसता धुरकट ठिपका दिसतो, लोक खट्टू होतात आणि दुर्बीण माळ्यावर जाते. फार वाईट वाटतं.

मग शहरातून काहीच दिसत नाही. हेही चूक. चंद्राची विवरं, गुरूचे चंद्र, शनीची कडी आणि जोडतारे बाल्कनीतूनही उत्तम दिसतात.

फिल्टर लावला की झालं. जुने फिल्टर सोडियम आणि पाऱ्याच्या दिव्यांचे ठरावीक रंग गाळायचे. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो. अरुंद पट्ट्याचे फिल्टर काही तेजोमेघांना उपयोगी पडतात, दीर्घिकांना नाही.

तासभर गाडी हाकली की काळोख मिळतो. गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा, गाझियाबाद, मेरठ यांचे उजेड एकमेकांत मिसळले आहेत. हौशी मंडळी सरिस्काच्या बाजूला जातात. सरिस्का ज्या अलवर जिल्ह्यात आहे, तोही कागदोपत्री राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच (एनसीआर) येतो.

एलईडी आले म्हणजे प्रकाश प्रदूषण घटलं. वीज वाचली, आकाश नाही. पांढऱ्या एलईडीतला निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो आणि रात्रीचे दिवे टिपणाऱ्या प्रमुख उपग्रहांना तो नीट दिसतही नाही. 'सायन्स'मध्ये 2023 साली आलेल्या अभ्यासात जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या पन्नास हजारांवर नोंदी तपासल्या आहेत. त्यानुसार 2011 ते 2022 दरम्यान आकाश वर्षाला सरासरी 9.6 टक्क्यांनी उजळत गेलं.

जास्त उजेड म्हणजे जास्त सुरक्षितता. दिल्लीत ही भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. रस्ता, बसथांबा, भुयारी मार्ग उजळ हवेतच. पण डोळ्यांत घुसणारा दिवा सावलीतला माणूस लपवतो आणि आकाशाकडे गेलेला उजेड कुणाच्याही पायाखाली पडत नाही.

धुराच्या गैरसमजावर मी एवढा भर देतो, कारण त्यामुळे जबाबदारी दुसऱ्याच्या शेतात ढकलता येते. 1981 च्या हवा प्रदूषण कायद्यात प्रदूषकांच्या व्याख्येत प्रकाश नाही, त्यामुळे कायदा आपल्याला आपणहून वाचवणार नाही. पण काम अवघड नाही. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातल्या गावांत दिव्यांची तोंडं खाली केली, आणि जानेवारी 2024 मध्ये पेंच भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरलं. सोसायटीलाही तेच करता येईल : दिव्यांना वरून झाकणं, प्रकाश पिवळसर, 3000 केल्विन किंवा त्याहून कमी, आणि शोभेचे दिवे रात्री अकरानंतर बंद. दिल्लीची हवा सुधारायला कितीतरी सरकारांना एकत्र बसावं लागेल. इमारतीवरचा फ्लडलाइट खाली वळवायला सर्वसाधारण सभेचा एक ठराव आणि एक वायरमन पुरतो.