गाडी म्हातारी होते ती उभी राहून

वीस वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये झालं. गाडी परदेशातून आणलेली असेल तर ऐंशी हजार. जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी व्हायची तेवढी बोंबाबोंब केली. पण गाडीचं म्हातारपण मोजायचं कशावरून, हा प्रश्न त्यात राहूनच गेला. सरकार वर्षं मोजतं, सेकंडहँड घेणारा रीडिंग बघतो. दोघांनाही खोटं पाडणारी एक गाडी होऊन गेली आहे.

अमेरिकेत लाँग आयलंडवर राहणारे विज्ञानशिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी जून १९६६ मध्ये ४,१५० डॉलरला लाल व्होल्वो १८००एस घेतली. दोन दारांची, देखणी स्पोर्ट्स कार. ‘द सेंट’ मालिकेत रॉजर मूर हिच्याच जातीची गाडी चालवायचा. गॉर्डन मात्र तिला घेऊन शाळेत जात, जाऊन-येऊन रोज सुमारे २०० किलोमीटर. सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात तिनं ३० लाख मैल पुरे केले, म्हणजे ४८ लाख किलोमीटर. इतक्या अंतरात चंद्रावर सहा वेळा जाऊन परत येता येईल. इंजिनाचं मोठं काम निघालं तेच मुळी ६ लाख ८० हजार मैलांवर. २०१८ मध्ये गॉर्डन वारले, तोवर गाडी चालवत होते.

यात चमत्कार नाही. त्या गाडीचं बी-१८ इंजिन बिडाचं, चार सिलिंडरचं. क्रँकशाफ्टला पाच बेअरिंगचा भक्कम आधार. तुटला तर इंजिन खलास करणारा टायमिंग बेल्टच त्यात नाही, गिअरवर काम चालतं. बाकी सगळं मालकाच्या हातात होतं: साधारण पाच-साडेपाच हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच करायचं, वेळच्या वेळी करायचं. शिवाय लांबचा सलग प्रवास. इंजिनाची जास्त झीज होते ती गार असताना सुरू करण्यानं आणि तापायच्या आत दोन किलोमीटरवर बंद करण्यानं.

उलट रविवारपुरती बाहेर निघणारी, कव्हरखाली जपलेली गाडी बघा. सील सुकतात, पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरमध्ये बसतो, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. टायरला नक्षी भरपूर असते, म्हणून मालक खूश. पण टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: २३०९ म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. असलं रबर द्रुतगती मार्गावर न्यायचं धाडस करू नये. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर पत्र्याचा गंज रीडिंगची वाटच बघत नाही.

जुनी स्पोर्ट्स कार इंजिनापेक्षा किरकोळ वस्तूंपायी अडते. काचेभोवतीचं रबर, एखादा स्विच, कूलंटचा होज. सर्वसाधारण गाडीचे सुटे भाग भंगारातून तरी मिळतात. मोजक्याच निघालेल्या गाडीचे कुठून आणणार? इथे कंपनीची नियत दिसते. माझ्दानं २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या रोडस्टरचे बंद झालेले भाग पुन्हा बनवायचं जाहीर केलं. गाडीबरोबर मूळ आलेल्या टायरच्या धर्तीचे टायरसुद्धा! निस्साननं स्कायलाइन जीटी-आरसाठी, टोयोटानं जुन्या सुप्रासाठी हाच मार्ग धरला. आपल्याकडे मॉडेल बंद झालं की चार-पाच वर्षांत काउंटरवरचा माणूस ‘माल येत नाही साहेब’ म्हणून मोकळा.

जुन्या गाडीचं कौतुक करताना एक मान्य केलंच पाहिजे. १९६६ च्या इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. ते कितीही निगुतीनं राखलं तरी त्याचा धूर आजच्या गाडीसारखा निघणार नाही. म्हणून तपासणी कडक हवीच. धूर मोजा, ब्रेक तपासा, गाडीखाली टॉर्च मारून चेसिसचा गंज बघा आणि नापास झाली तर खुशाल भंगारात घाला. पण पास झालेल्या गाडीवर केवळ वय झालं म्हणून दंडासारखं शुल्क लावणं म्हणजे निगा राखणाऱ्यालाच शिक्षा. सातव्या वर्षी धूर ओकणारी गाडी मात्र कोवळ्या वयाच्या जोरावर सुटते.