फुलपाखरू आणि पतंग : परसबागेतील ओळख व तिचा उपयोग

आपल्या भाषेत ‘पाखरू’ हा शब्द फार मोकळ्या हाताने वापरला जातो. चिमणी हेही पाखरू, झेंडूवर भिरभिरणारे तेही पाखरू, आणि रात्री दिव्यावर झेप घेणारे तेही पाखरूच. बोलण्यापुरते हे ठीक आहे. परंतु ज्यास शेत व परसबाग राखावयाची आहे त्याचे एवढ्याने भागत नाही. फुलपाखरू कोणते व पतंग कोणता हे न ओळखल्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. एक असे की, ज्या किड्याने फारसे काही बिघडविलेले नाही त्याच्यावर विषारी औषध फवारले जाते व त्या औषधाचा अंश शेवटी आपल्याच आमटीत उतरतो. दुसरे असे की, खरा चोर रात्री येऊन आपले काम उरकून जातो आणि आपण दिवसा भलत्याच्याच मागे लागतो. सबब या दोहोंची ओळख कशी पटवावी, व ती पटल्यावर काय करावे, याविषयी आम्ही येथे चार शब्द लिहीत आहो. उदाहरणे शक्य तितकी आमच्या भिवंडी तालुक्यातील परसांत व भातखाचरांत आढळणारीच घेतली आहेत.

दोघांचे कूळ एकच

फुलपाखरू व पतंग हे परके नव्हेत. ते एकाच कुळातील भाऊबंद होत. दोघांच्याही पंखांवर अतिसूक्ष्म खवले असतात. पंख धरताच बोटास जी भुकटी लागते ती हीच. दोघांचाही जन्म अंडे, अळी, कोष व पंखधारी कीटक अशा चार अवस्थांतून होतो. पाने, शेंडे व शेंगा कुरतडते ती अळी. पंख फुटल्यावर बहुतेकांस चावण्याचे तोंड राहत नाही, केवळ रस ओढण्याची गुंडाळलेली सोंड असते.

मात्र या कुळात फुलपाखरांचे घराणे धाकटे आहे. जगात फुलपाखरांच्या सुमारे १८ हजार जाती, तर पतंगांच्या दीड लाखाच्या आसपास सांगितल्या जातात. आपल्या देशातही फुलपाखरे सुमारे १,३०० जातींची, व पतंग १० हजारांहून अधिक जातींचे आहेत. भाताचा खोडकिडा, हरभऱ्याची घाटे अळी, वांग्यातील अळी, लष्करी अळी, आणि २०१८ साली कर्नाटकात प्रथम सापडून लवकरच आपल्या राज्यातील मक्यावर आलेली अमेरिकन लष्करी अळी, ही सर्व पतंगांचीच संतती होय. तथापि तेवढ्यावरून पतंगांस सरसकट वैरी ठरविणे न्यायाचे होणार नाही. तुतीवरचे रेशीम आणि भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या झाडांवर होणारा टसर हीदेखील पतंगांचीच देणगी आहे.

ओळखण्याच्या पाच खुणा

*पहिली खूण, मिशांची.* ही सर्वांत भरवशाची. फुलपाखराची मिशी दोऱ्यासारखी बारीक असून तिच्या टोकास आगकाडीच्या गुलाप्रमाणे गाठ असते. पतंगाच्या मिशीस अशी गाठ नसते. ती टोकाकडे निमुळती होत जाते, अथवा दोन्ही बाजूंस केस फुटून पिसासारखी दिसते. पिसासारख्या मिशा बहुधा नरास असतात. त्यांच्या साहाय्याने तो अंधारात मादीचा वास काढीत जातो.

*दुसरी खूण, बसण्याची.* विसावलेले फुलपाखरू बहुधा चारही पंख पाठीवर उभे मिटून बसते. पतंग आपले पंख कौलारू छपराप्रमाणे अंगावर उतरते ठेवतो, किंवा भिंतीस चिकटवून आडवे पसरतो.

*तिसरी खूण, वेळेची.* फुलपाखरू उन्हाचे सोबती. पतंग बहुतांशी रात्रीचा.

*चौथी खूण, अंगलटीची.* फुलपाखराचे अंग सडपातळ असते. पतंगाचे जाड व लवदार.

*पाचवी खूण, कोषाची.* फुलपाखराचा कोष उघडा असून पानास वा काटकीस रेशमी धाग्याने टांगलेला अथवा बांधलेला असतो. पतंगाची अळी बहुधा रेशमाचे आवरण विणून त्यात कोष करते, किंवा जमिनीत व पाचोळ्यात शिरते.

आम्ही महसुली खात्यात कारकुनी केली. तेथील अनुभव असा की, एकाच कागदावरून जमिनीची वहिवाट ठरत नाही. दोन-तीन पुरावे जुळले म्हणजेच ती मान्य होते. येथेही तोच नियम लावावा, कारण प्रत्येक खुणेस अपवाद आहेत. भातावर वाढणारे एक तपकिरी फुलपाखरू दिवसा सुकलेल्या पानांत दडून बसते, तिन्हीसांजेस उडू लागते आणि दिव्यावरही येते. उलटपक्षी, अनंताच्या झाडावर वाढणारा पारदर्शक पंखांचा एक पतंग भर उन्हात भुंग्याप्रमाणे गुणगुणत फुलांसमोर अधांतरी राहतो. तागावर व खुळखुळ्यावर आढळणारा, पांढऱ्या पंखांवर तांबडे-काळे ठिपके असलेला पतंग तर इतका देखणा असतो की पाहणारा त्यास फुलपाखरूच म्हणेल. सबब रंगावर कधीच जाऊ नये. सुंदर ते फुलपाखरू व कुरूप तो पतंग हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. आधी मिशी पाहावी, मग बसणे, मग वेळ.

परसातील ओळखीची मंडळी

लिंबू व कढीलिंब यांची पाने खाणारी अळी बहुतेकांच्या पाहण्यातील आहे. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. मोठी झाल्यावर हिरवीगार होते. तिला डिवचले असता मानेमागून शिंगासारखे दुभंगलेले नारिंगी अंग बाहेर काढते व उग्र वास सोडते. पुष्कळ लोक भिऊन लागलीच औषधाचा पंप आणतात. परंतु ही फुलपाखराची अळी आहे. काळ्या पंखांवर पिवळट ठिपके असलेले लिंबाचे फुलपाखरू ते हेच. जून २०१५ मध्ये महाराष्ट्राने ज्यास राज्य फुलपाखराचा मान दिला ते काळ्या-निळ्या पंखांचे नीलवंतही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. मोठ्या झाडाची चार पाने गेल्याने काही बिघडत नाही. मात्र रोपवाटिकेतील कलमे व वर्ष-दोन वर्षांची रोपे या अळ्या पार उघडी करतात. तेथे सकाळी हाताने वेचून काढाव्यात. कढीलिंबाचे पान आपण रोज फोडणीत घालतो, हे ध्यानात ठेवून त्यावर विष फवारण्याचा मोह आवरावा.

कण्हेरीवर तर दोन्ही घराण्यांची लेकरे एकत्र पाहावयास मिळतात. पाठीवर लांब काळे तंतू असलेली अळी फुलपाखराची. ती पानाखाली आपला कोष टांगते व तो रुप्यासोन्यासारखा चमकतो. दुसरी जाड हिरवी, पुढील अंगावर दोन मोठे निळसर डोळे काढल्यासारखी व शेपटीवर शिंग असलेली अळी पतंगाची. ती पूर्ण वाढल्यावर खाली उतरून पाचोळ्यात कोष करते. तगरीवरही हीच आढळते. मुलांस भेद समजावून द्यावयाचा तर याहून सोपा धडा नाही.

शेवग्याच्या खोडावर झुंडीने बसणारे केसाळ सुरवंट पतंगाचे होत. त्यांचे केस अंगास लागल्यास खाज व आग होते. सबब हात न लावता खोडावरच नाश करावा. अळूची पाने खाणारी, शेपटीवर शिंग असलेली जाड अळी हीही पतंगाचीच. ती वेचून काढणे पुरेसे असते.

वालाच्या शेंगेतील दोन चोर

आमच्या भागात भात निघाल्यावर जमिनीतील ओलीवर वाल घेण्याची चाल जुनी आहे. परसातील मांडवावरही वालाचा वेल असतो. त्याच्या शेंगा पोखरल्या की ‘अळी पडली’ एवढेच आपण म्हणतो. वास्तविक अळी कोणाची हे पाहिल्याखेरीज उपाय सांगता येत नाही.

शेंगेस वाटोळे भोक असून अळीचे अर्धे अंग बाहेर व अर्धे आत असेल, तर ती बहुधा घाटे अळी होय. तिचा पतंग जाड अंगाचा, मातकट रंगाचा असून रात्री येऊन अंडी घालतो. दिवसा वेलाजवळ कितीही वेळ उभे राहिले तरी तो क्वचितच दृष्टीस पडेल. परंतु त्यास कामगंध सापळ्याने पकडता येते. या सापळ्यात मादीच्या वासासारखे द्रव्य ठेवलेले असते. त्या वासाने नर आत येऊन अडकतात. सापळ्यात नर वाढू लागले की अंडी व अळ्या लवकरच येणार हे कळते, आणि वेळेवर तयारी करता येते.

दुसरा चोर निराळा. अळी चपटी व गोगलगायीसारखी संथ, बहुधा कळ्या-फुलांत व कोवळ्या शेंगांत शिरलेली, आणि पुष्कळदा तिच्याभोवती मुंग्या. ही एका चिमुकल्या निळसर फुलपाखराची अळी होय. त्याच्या मागील पंखास केसासारखी बारीक शेपटी व तिच्या मुळाशी दोन काळे ठिपके असतात. ते दिवसाढवळ्या येऊन कळ्यांवर एकेक अंडे घालते. घाटे अळीच्या पतंगासाठी लावलेला वासाचा सापळा यास निरुपयोगी, रात्रीचा दिवाही व्यर्थ. येथे किडक्या कळ्या व शेंगा दर चार-पाच दिवसांनी तोडून नष्ट करणे हाच परसापुरता खरा उपाय. डाळिंबाच्या फळात भोक पाडणारी अळीदेखील फुलपाखराचीच असते. म्हणून तेथे फळांस वेळीच पिशवी बांधणे उपयोगी पडते. फुलपाखरू म्हणजे केवळ शोभेची वस्तू, हा समजही यावरून दूर व्हावा.

भातखाचरातील निवाडा

खाचरात मात्र मुख्य वैरी पतंगच आहे. खोडकिड्याची मादी पिवळी असून तिच्या पुढील प्रत्येक पंखावर एकेक काळा ठिपका असतो. ती पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते व त्यांवर मळकट पिवळ्या केसांचे पांघरूण घालते. आतील अळी खोडात शिरली की फुटव्याचा मधला गाभा सुकतो. लोंब येण्याच्या सुमारास शिरली तर लोंब पांढरी व पोकळ राहते. अळी आत गेल्यावर वरून केलेली फवारणी फारशी लागू पडत नाही, म्हणून पतंग व अंडी यांवरच नजर हवी. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे कापून नष्ट करावेत, त्यांबरोबर अंडीही जातात. हेक्टरी २० कामगंध सापळे लावावेत. कापणी जमिनीलगत करून, धसकटे नांगरून गोळा करावीत व नष्ट करावीत, म्हणजे त्यांत दडलेल्या अळ्या पुढील हंगामास उरत नाहीत. शेकडा ५ फुटवे सुकलेले दिसले, किंवा चौरस मीटरमागे अंड्यांचा एक पुंजका आढळला, तरच औषधाचा विचार करावा.

दिव्याच्या सापळ्याविषयी एक सूचना. दिव्यावर शत्रूंबरोबर उपयोगी कीटकही येतात. म्हणून तो रात्रभर न ठेवता संध्याकाळनंतर दोन-तीन तासच लावावा, व सकाळी आत काय सापडले ते पाहावे. आमच्या तालुक्यात अनेक ठिकाणी खाचरांलगत गोदामे उभी राहिली असून त्यांचे दिवे रात्रभर जळतात. पहाटे अशा दिव्याखालची भिंत पाहिल्यास शेतात कोणते पतंग फिरत आहेत याची बरीच कल्पना येते, आणि त्यास खर्च काहीच पडत नाही.

शिकावे कसे

पुस्तकापेक्षा काचेची बरणी अधिक शिकविते. परसात सापडलेली अळी तिच्याच झाडाच्या पाल्यासह बरणीत ठेवावी, तोंडास पातळ फडके बांधावे, पाला रोज बदलावा व तळाशी थोडी ओलसर माती घालावी. वहीत चार रकाने आखून तारीख, झाड, अळीचे रूप व शेवटी बाहेर काय आले, हे लिहीत जावे. एका वर्षात अशी पाहणी केलेल्या घरास आपल्या परसातील शत्रू-मित्र बिनचूक सांगता येतील. ज्यांस एकाच ठिकाणी पुष्कळ जातींची फुलपाखरे पाहावयाची आहेत त्यांनी ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील ओवळे गावची ओवळेकर वाडी जरूर पाहावी. फुलपाखरांसाठी कोणती झाडे लावावीत हे तेथे प्रत्यक्ष दिसते.

सारांश, दिवसा येणाऱ्यास हाताने आवरावे, रात्री येणाऱ्यास सापळ्याने. आणि कोण आहे हे कळेपर्यंत पंपास हात लावू नये. औषधास पैसा पडतो, फुलांवरील मधमाश्या मरतात, आणि परसातील भाजी आपल्याच लेकराबाळांच्या ताटात जाते. एक क्षण थांबून मिशीचे टोक पाहण्यास मात्र काहीच पडत नाही. शेतकरी बंधूंनी येत्या पावसाळ्यापासून ही सवय स्वतःस व घरातील मुलांस लावावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.