पात्यातला एकच दाणा

17 ऑक्टोबर 2025, वसुबारस. पिंपळगाव राजात सोयाबीन काढायची घाई, आणि आमचा ट्रॅक्टर लिंबाखाली उभा. बिडाचा एक ब्रॅकेट तुटला होता. खामगावात मिळेना, नांदुऱ्यात मिळेना. त्याच दिवशी मोबाइलवर बातमी आली: नाशिकजवळ ओझरला बांधलेलं पहिलं तेजस मार्क-1ए लढाऊ विमान आकाशात झेपावलं. ओझरच्या शेजारीही एक पिंपळगाव आहे, पिंपळगाव बसवंत. तिथल्या लोकांचा किती हेवा वाटला!

ओझरचा हा एचएएल या सरकारी विमान कंपनीचा कारखाना 1964 पासूनचा, मिग-21 विमानांसाठी उभारलेला. या उड्डाणाच्या तीनच आठवडे आधी, 26 सप्टेंबरला, हवाई दलाने चंडीगडला मिग-21 ला निरोप दिला होता. लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन (तुकड्या) 42, उरल्या 29. म्हणजे नव्या विमानांची निकड खरी आहे. तरी 2021 मध्ये मागवलेल्या 83 तेजस विमानांमधलं एकही मार्क-1ए या उड्डाणाच्या दिवसापर्यंत दलाच्या ताब्यात आलं नव्हतं. पहिलं मार्च 2024 मध्ये मिळायचं होतं.

आधी पैशाचं पाहू. 2021 चा तो करार सुमारे 48,000 कोटींचा. 83 ने भागलं तर एका विमानाला पावणेसहाशे कोटींच्या वर जातात, पण हा भागाकार फसवा आहे. एचएएलने तेव्हा लढाऊ विमानाची मूळ किंमत 309 कोटी सांगितली होती. त्यावर तळावरची देखभालीची यंत्रणा आणि सोयी यांचे सुमारे 11,000 कोटी, जकात आणि जीएसटीचे सुमारे 7,000 कोटी. आरंभीच्या रचनेचा खर्च आणि डॉलरच्या चढउताराची तरतूद वेगळीच. ट्रॅक्टर घेणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही; ट्रॉली, रोटाव्हेटर, विमा धरल्याशिवाय त्याचा हिशेब पुरा होतच नाही.

उशिराची कारणं एकापेक्षा जास्त. रडार, क्षेपणास्त्रं आणि सॉफ्टवेअर एकमेकांशी जुळवून पारखावी लागतात, त्यात वेळ जातो. पण सगळ्यात जास्त अडलं ते इंजिनापाशी. तेजसचं एफ-404 इंजिन अमेरिकेतल्या जीई कंपनीचं. आधीची मागणी पुरी झाल्यावर त्या नमुन्याची उत्पादन साखळी पाच वर्षं बंद होती. 2021 मध्ये 99 इंजिनं मागवली, तेव्हा सुट्या भागांचे पुरवठादार पुन्हा गोळा करावे लागले, आणि पहिलं इंजिन मार्च 2025 मध्ये मिळालं.

मग आपणच इंजिन का बनवत नाही? बनवायला घेतलं होतं. ‘कावेरी’ला 1989 मध्ये मंजुरी मिळाली. वजन जास्त भरलं, हवा तेवढा रेटा मिळेना, आणि 2008 मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं गेलं. याला नुसतं अपयश म्हणणं मला पटत नाही, कारण हे काम माणसाने हाती घेतलेल्या सगळ्यात अवघड कामांपैकी आहे.

ते का अवघड, याची खूण घरातच होती. आमचा तुटलेला ब्रॅकेट उन्हात धरून पाहिला, तर तुटलेल्या तोंडाशी करडे, साखरेसारखे दाणे चमकत होते. वितळलेला धातू थिजतो तो असा, असंख्य स्फटिकदाण्यांचा होऊन. आता विमानाच्या इंजिनातल्या टर्बाइनचं पातं घ्या: बोटाएवढं, मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेणारं. निकेलचा मिश्रधातू 1,300 अंशांच्या पुढेमागे वितळतो, आणि पात्यावरून वाहणारा वायू त्याहून तापलेला. त्या उष्णतेत दाण्यांच्या सांध्यावरच धातू सरकू लागतो. पातं हळूहळू लांबतं, मग तुटतं.

यावर उपाय म्हणजे सांधाच ठेवायचा नाही. मेणाच्या नमुन्यावर सिरॅमिकचा साचा करतात, मेण वितळवून काढतात, आत धातू ओततात आणि साचा भट्टीतून अगदी सावकाश खाली उतरवतात. तळाशी पिळदार नळी असते. तिच्या वळणांतून एकच दाणा वर निघतो आणि तोच वाढत जाऊन अख्खं पातं होतो. पात्याच्या पोटात वाटा ठेवलेल्या असतात. त्यांतून तुलनेने थंड हवा बारीक छिद्रांवाटे बाहेर येते आणि पात्यावर पांघरुणासारखी पसरते. धातूचं नेमकं प्रमाण आणि उतरवण्याचा वेग ही विद्या कुणी सहजासहजी विकत देत नाही.

हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने ती साधली आहे. एप्रिल 2021 मध्ये तिथून एकस्फटिकी पात्यांचा 60 नगांचा पहिला संच एचएएलकडे गेला, हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी. लढाऊ विमानाचं इंजिन याहून खूप जास्त मागतं. सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने आणखी 97 तेजस मार्क-1ए चा 62,370 कोटींचा करार केला, आणि त्यांच्यासाठी नोव्हेंबरमध्ये 113 इंजिनं मागवली गेली, पुन्हा जीईकडूनच.